मिलच्या गावातले दगड

मी हिंगोलीला निघालोय म्हटल्यावर आमच्या सातारकडं ज्यानं त्यानं एकच विचारलं, "तिकडं काय आहे?" औंढ्याला नागनाथाचं देऊळ आहे, हे मला ठाऊक होतं. हळद पिकते, हेही ऐकून होतो. पण मी निघालो होतो एक दगड बघायला.

रामधन राठोड आणि मी एका पलटणीत होतो. उत्तरेकडच्या बर्फातल्या एका चौकीवर आम्ही चौघं-पाचजण एका हिवाळ्यात अडकलो होतो, त्यात तो होता. तिथंच तो गेला. त्याला आता वीसेक वर्षं झाली. मी तेव्हा पायाची बोटं गमावून इस्पितळात पडलो होतो, त्यामुळं त्याच्या पेटीबरोबर दुसरे लोक गेले. पुढं बदल्या झाल्या, सुभेदार होऊन मी निवृत्त झालो, आणि त्याच्या घरच्यांशी काही संबंध राहिला नाही. गेल्या हिवाळ्यात पलटणीच्या जुन्या लोकांच्या फोनवरच्या गटातून त्याच्या धाकट्या भावानं मला शोधून काढलं.

"मी किसन बोलून राहिलो, साहेब. रामधनदादाच्या स्मारकाचं सुशोभीकरण झालंय. पुण्यतिथीला उद्घाटन हाय. दादासंगं शेवटपर्यंत व्हते असे तुमीच भेटले. तुमी आलं पाहिजे."

आमच्या गावच्या चावडीत इंग्रजांनी बसवलेली एक संगमरवरी पाटी आहे. गावातून किती माणसं मोठ्या लढाईला गेली आणि त्यांतली किती परत आली नाहीत, एवढंच तिच्यावर आहे. नावं नाहीत. लहानपणी आम्ही त्या आकड्यावर बोट फिरवायचो. माझ्या आज्याचा भाऊ त्या आकड्यात आहे. म्हणून रामधनचं निदान नाव तरी कोरलंय याचा मला आनंद झाला होता. तो आनंद घेऊन मी गाडीत बसलो.

वसमत

गाडीतलं काही सांगण्यासारखं नाही. वसमतला उतरलो तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता आणि सगळ्या हवेला ओल्या मातीसारखा, थोडा उग्र वास होता. हळद शिजत होती. रस्त्याच्या कडेला मोठमोठे कुकर मांडून बायामाणसं हळकुंडं उकडत होती, आणि जिथं म्हणून सपाट जागा होती तिथं ती वाळत घातलेली होती. आमच्याकडंही हळद होते, पण इतकी की माणसांच्या टाचा, बैलांची शिंगं आणि एसटीची चाकं पिवळी व्हावीत, असं मी पाहिलं नव्हतं.

किसन घ्यायला आला होता. चाळिशीचा, अंगात पांढरा कडक शर्ट, बोलायला फार अदबशीर. चेहरा रामधनचाच, फक्त जरा भरलेला. 

"सुशीला खाणार का, साहेब?" त्यानं विचारलं.

मी त्याच्याकडं पाहातच राहिलो. मग हाटेलातला पोरगा दोन बशा घेऊन आला तेव्हा कळलं की सुशीला म्हणजे भिजवलेले मुरमुरे, हिरव्या मिरचीची फोडणी आणि वरून दाण्याचं कूट. चांगली लागली. रामधन चौकीवर कधीकधी म्हणायचा, "सुशीलाची लई याद येऊन राहिली," आणि आम्ही त्याला चिडवायचो. बिचाऱ्यानं कधी खुलासा केला नाही. आम्हाला हसायला काहीतरी हवं आहे, हे त्याला कळत असावं.

किसनच्या फटफटीवरून निघालो. वाटेत चाक पंक्चर झालं. दुकानात आमच्या आधी दोन ट्रॅक्टरवाले थांबले होते, पण किसनला पाहताच दुकानदार हात पुसत पुढं आला. ट्रॅक्टरवालेही बाजूला झाले. "शहिदाचे भाऊ हायेत," एकजण दुसऱ्याला म्हणाला. किसननं सवयीनं मान लववली. मला ते बरं वाटलं. आमच्याकडं शहिदाच्या घरच्यांना पंधरवडाभर मान मिळतो, मग तेही रांगेत.

वाटेत किसन म्हणाला, "साहेब, तुमी जास्ती बोलू नका. फकस्त दोन शब्द. लोकांना बराबर म्हाईत हाय सगळं."

मिलचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. तिथले लोक मला आधीच पुष्कळ नावं ठेवत असतील. आखाडा बाळापूरच्या बाजूला आहे, आणि आसपासचे लोक त्याला मिलचं गाव म्हणतात, एवढं पुरे. मिल म्हणजे कापसातली सरकी काढायची जिनिंग. ती बंद पडून जमाना झाला. पत्रे गेले, यंत्रं गेली, उंच भिंती आणि एक कमान राहिली.

सरपंच माधवरावांनी गाव दाखवलं. सडपातळ, हसतमुख माणूस. कमानीवर एक काळा दगड होता, त्यावर उर्दू अक्षरं, आणि त्यांच्या अर्ध्या भागावर सिमेंटची जाहिरात रंगवलेली.

"निजामाच्या काळातला हाय," ते म्हणाले. "काय लिवलंय कुणाला म्हाईत. माझ्या बापाला वाचता यायचं."

"त्यांना विचारलं नाही कधी?"

"त्यांना विचारायचं सुचलं तवर ते गेले."

पुढं हुतात्मा स्मारक होतं, निजामाविरुद्ध लढून मेलेल्यांचं. गोल ओटा, वर छत्रीसारखं छप्पर, आणि ओट्यावर घोट्याएवढी हळद. एक बाई पायानं हळकुंडं वरखाली करत होती. मी तिला विचारलं, "हे कुणाचं स्मारक आहे, बाई?"

"सतरा सप्टेंबरचं हाय," ती म्हणाली. "त्या दिशी इथं झेंडा असतो. तवा आमी काही वाळू घालत न्हाई."

स्मारकाच्या खांबावर नावांची पाटी होती. दरवर्षी झेंड्याच्या आधी चुना मारतात, आणि चुना मारणाऱ्यानं कधी पाटी सोडली नव्हती. बोटांनी चाचपलं तर चुन्याखाली अक्षरं लागत होती, पण वाचता येत नव्हती. माधवराव जरा ओशाळले आणि म्हणाले, "चला, आपलं मेन तिकडं हाय."

मिलच्या चौकात रामधन उभा होता. फायबरचा पुतळा, हातात बंदूक, एक पाय पुढं टाकलेला, आणि पिळदार मिशा. रामधनला मिशा नव्हत्या. ठेवायचा तो, पण विरळ यायच्या म्हणून परत काढायचा. पुतळ्याखाली ग्रॅनाइटचा दगड, त्यावर सोनेरी अक्षरं. मी वाचत गेलो. नाव बरोबर होतं, गावाबाहेरच्या त्याच्या तांड्याचं नाव होतं, पलटण होती. मग चौथी ओळ आली: शत्रूच्या ठाण्यावर एकट्याने चाल करून बारा सैनिकांना कंठस्नान घातले.

मी ती ओळ परत वाचली. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं लिहिलेलं चुकून इथं बसवलंय.

"हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

माधवराव मोकळेपणानं म्हणाले, "पयल्या वर्षी पुढारी आले व्हते, त्यांनी भाषणात सांगितलं. तवा पाचजण व्हते. मंग दरसाल कुणी ना कुणी बोलत गेलं. आता बारावर थांबवलं आमी, दगडात घेतल्यामुळं."

ते सहज बोलले. थट्टा नव्हती, लाजही नव्हती.

आमच्या त्या चौकीवर लढाई झालीच नव्हती. पुढच्या डोंगरावर समोरच्यांचीही चौकी होती, पण त्या हिवाळ्यात तेही बर्फात गाडले गेले होते आणि आम्हीही. एकमेकांचा धूर दिसला की कळायचं, जिवंत आहेत. बंकरचं धुराडं बर्फानं बुजलं की आतली माणसं रॉकेलच्या धुरानं गुदमरून मरतात, म्हणून कुणीतरी बाहेर जाऊन ते मोकळं करावं लागतं. त्या सकाळी रामधनची पाळी होती. फावडं घेऊन जाताना तो म्हणाला, "चहा ठेवा, आलोच." त्यानं धुराडं मोकळं केलं. आमच्या चुलीचा धूर सरळ वर जायला लागला तो आम्ही आतून पाहिला. आणि मग वरचा बर्फाचा कडा सुटला.

मी किसनला गर्दीतून बाजूला घेतलं. मिलच्या पडक्या भिंतीकडं नेऊन विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "पेटीसंगं आलेल्या साहेबांनी मला सांगितलं व्हतं. मी तवा कालेजात व्हतो. याडीला मराठी तवा नीट समजत नव्हतं, मीच मधी बोलून राहिलो व्हतो." त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

"मग हे काय आहे?"

किसननं खिशातून रुमाल काढून मान पुसली. "साहेब, दादाची पेटी आली तवा तांड्याला रस्ता नव्हता. वढ्यातून चिखल तुडवत चौघांनी खांद्यावर आणली. माझी वयनी, दादाची बायको, पुढल्याच पावसाळ्यात आजारी पडून बाजेवरच गेली, दवाखान्यात न्यायला वाट नव्हती म्हणून. पुढाऱ्यानं भाषणात पाच मारले म्हणून सांगितलं अन टाळ्या पडल्या. मंग त्यांनीच म्हटलं, असल्या वीराच्या तांड्याला रस्ता न्हाई? रस्ता झाला. लाईट आली. आता तुमीच सांगा, बर्फाखाली दबून मेला म्हणून कोणी रस्ता दिला असता का?"

 

तांडा

त्या रस्त्यानंच आम्ही तांड्यावर गेलो. रस्ता चांगला होता, आमच्या गावच्या रस्त्यापेक्षा चांगला. कडेला गहू पिवळा पडलेला, पळस फुललेला. शेवटच्या घरापुढं रामधनची आई, धुरपताबाई, शेळ्यांना पाला टाकत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, ताठ, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. किसननं ओळख करून दिली आणि मंडपाचं बघायला परत गावात गेला.

त्यांनी मला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि लसणाचा ठेचा वाढला. आमच्याकडं खर्डा म्हणतात तोच, पण इथं दाणे कमी आणि मिरची इमानदार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

"रामधनबी असाच रडायचा," त्या म्हणाल्या. "तरी मागायचा."

जेवण झाल्यावर त्या समोर बसल्या. "तुमी जवळ व्हते ना?"

"होतो."

"मंग एक सांगा. त्यानं खरंच माणसं मारली का?"

 त्या घाईत नव्हत्या. "दरसाल मला खुर्चीवर बसवतात. हार घालतात. बारा मारले म्हणतात अन टाळ्या वाजवतात. मला वाटते, बारा म्हंजे बारा आया. त्यांच्या गावालाबी कोणी त्यांना खुर्चीवर बसवत असंल. माझ्या पोराचं नाव त्यांना म्हाईत असंल का? मी त्याचा भोग लावते ना, तूप-गूळ इस्तवात टाकते, तवा एक घास त्याच्या नावाचा टाकते अन एक त्या बाराच्या नावाचा. कुणाला सांगितलं न्हाई. किसनला तर मुळीच न्हाई. पण रामधन तसा नव्हता. बकरं कापतानी घराभाईर जायचा. म्हणून विचारते."

मी त्याच रस्त्यावरून आलो होतो. किसनचं बोलणं कानात होतं. पण समोर ही बाई बसली होती आणि तिनं सरळ प्रश्न विचारला होता. मी तिला सगळं सांगितलं. धुराडं, फावडं, चहा. वरून सुटलेला कडा. आम्ही हातांनी उकरत राहिलो आणि आधी त्याचा हातमोजा दिसला. त्याच्या अंगावर एकही जखम नव्हती, झोपल्यासारखा होता. त्यानं धूर मोकळा केला नसता तर आत आम्ही सगळे मेलो असतो.

"म्हंजे लढाई न्हाई झाली."

"नाही."

"कोणाचंच लेकरू न्हाई मारलं त्यानं?"

"नाही, बाई. कुणाचंच नाही."

त्या बराच वेळ शेळ्यांकडं बघत राहिल्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. चेहरा सैल पडला, जसा डोक्यावरचा भारा खाली टाकल्यावर पडतो. मग हळूहळू तो आवळत गेला.

"मंग इतकी वरसं मला काहून सांगितलं न्हाई? अन दगडावर काहून लिवलं?"

कार्यक्रम

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकांचं त्यांच्या बोलीत कडक बोलणं झालं. मला शब्द कळले नाहीत, पण कोण काय म्हणतंय ते कळत होतं. किसन बाहेर आला तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "ती म्हणते ओळ काढा. साहेब, तुमी उद्या सातारला जाल. आमाला इथंच राहायचं हाय. मी यंदा पंचायत समितीला उभा राहून राहिलो. आजवर आमच्या तांड्याचं कुणी तिथं गेलं न्हाई. तुमी आज फकस्त हार घाला."

मंडप भरला होता. शाळेच्या पोरी लेझीम खेळल्या. जिल्ह्याहून पुढारी आले, ते दीड तास उशिरा आले याबद्दल त्यांचेच आभार मानण्यात आले. धुरपताबाई व्यासपीठावर मधल्या खुर्चीत, गळ्यात हार. पुढाऱ्यांनी बारा सैनिकांची गोष्ट सांगितली. त्यात आता एक पूलही आला होता, जो रामधननं उडवला. टाळ्या पडल्या. मी बाईंकडं पाहिलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या.

माझं नाव पुकारलं गेलं. मी काही ठरवून उठलो नव्हतो. माईकसमोर उभा राहिलो आणि जे घडलं ते सांगितलं. म्हणालो, "रामधननं कुणाला मारलं नाही. त्यानं आम्हाला जगवलं. मी आज इथं बोलतोय तो त्याच्या फावड्यामुळं. त्याच्या दगडावर काही कोरायचंच असेल तर ते कोरा." एवढंच बोललो.  माधवराव बुटांकडं बघत होते. किसनचा चेहरा पांढरा पडला होता.

मग पुढारी उठले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक आपल्याकडं ओढला.

"बंधूंनो, याला म्हणतात शिपाईगडी," ते म्हणाले. "सरहद्दीवरची गुपितं हा माणूस मरेपर्यंत सांगणार नाही. शपथ घेतलेली असते. जिथं लढाई झाली तिथं हे म्हणतात लढाई झालीच नाही. आता तुम्हीच ओळखा, तिथं काय झालं असेल. बारा नाही, मी तर म्हणतो वीस असतील."

मंडप कोसळेल अशा टाळ्या पडल्या. पोरांनी घोषणा दिल्या. मी नाही, नाही म्हणत होतो, पण माझ्यापुढं माईक नव्हता. लोक उठून उभे राहिले आणि माझ्या पाया पडायला लागले. एका तरुण पोरानं फोन पुढं धरून माझ्याबरोबर फोटो काढला आणि कानात म्हणाला, "साहेब, आमी समजलो. तुमी काई बोलू नका." किसनचा रंग परत आला होता. त्यानं लांबून माझ्याकडं बघून हात जोडले. मला वाटतं त्यानं माझे आभार मानले.

आयुष्यात मी पुष्कळदा हरलो आहे. पण खरं बोलून खोट्याला इतकं बळ मी कधी दिलं नव्हतं.

जेवणाच्या पंगती उठल्या. भात, वरण, बुंदी. मंडप रिकामा होताना धुरपताबाई माझ्यापाशी आल्या. हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला होता. "चला," म्हणाल्या. मी त्यांच्याबरोबर दगडापाशी गेलो.

"मला वाचता येत न्हाई. ते बाराचं कोणत्या वळीत हाय?"

मी दाखवलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत फिरवलं, आणि तांड्याच्या रस्त्याला लागल्या.

सकाळ

त्या रात्री मी माधवरावांकडं मुक्कामाला होतो. सकाळी चहा घेत होतो तोच बाहेर आरडाओरड सुरू झाली. कुणीतरी शहिदाच्या दगडाला शेण लावलं होतं.

आम्ही चौकात पोचेपर्यंत दुकानांची अर्धी शटरं खाली आली होती. मी दगड पाहिला. कुणी शेण फेकलेलं नव्हतं. भुई सारवावी तशी ती एकच ओळ, अगदी निगुतीनं, सारवलेली होती. वरचं नाव स्वच्छ होतं. खालची अक्षरंही स्वच्छ. चार बोटांच्या रेघा त्या सारवणात उमटल्या होत्या.

पोरं पेटली होती. कुणी म्हणे विरोधी पॅनेलचं काम आहे, कुणी म्हणे बाहेरच्यांचं. मिलच्या कमानीखाली एक म्हातारा हमाल झोपायचा, मिल चालू असल्यापासून तिथंच असणारा. रात्री तू काय पाहिलंस म्हणून दोघांनी त्याला उठवून विचारलं, आणि त्यानं काही पाहिलं नाही म्हटल्यावर त्याच्या तोंडात मारली. त्याच्या ओठातून रक्त आलं. मी मध्ये पडलो. कालच्या मानामुळं त्यांनी माझं ऐकलं, पण शिव्या थांबल्या नाहीत.

तेवढ्यात तांड्याच्या रस्त्यानं धुरपताबाई आल्या. गर्दीनं वाट दिली. त्या दगडापाशी उभ्या राहिल्या.

"मी सारवलं," त्या म्हणाल्या. "त्याला काहून मारता?"

 माधवराव पुढं आले. "धुरपताबाई, तुमी घरी जा. आमी बघतो कोण हाय ते."

"कोण हाय म्हंजे? मी हाय. माझ्या पोरावर खोटं लिवलं ते मी सारवलं." त्यांनी दोन्ही हात पुढं केले. बोटांच्या पेरांत शेण वाळलेलं होतं.

गर्दीतून कुणीतरी हळहळत म्हणालं, "म्हातारीला पोराचं दुःख सहन होईना आता." दुसरा म्हणाला, "काल कार्यक्रमात लई याद आली असंल." एवढ्यावर निकाल लागला. संताप ओसरला आणि त्याच्या जागी दया आली. बाई बोलत होत्या, तोवर दोघी बायकांनी त्यांना धरून एका दुकानाच्या ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, पदरानं वारा घातला. त्या परत परत तेच सांगत होत्या आणि बायका "व्हय माय, व्हय माय" म्हणत होत्या. म्हाताऱ्या हमालाकडं कुणी बघितलंही नाही. तो ओठ पुसत कमानीखाली जाऊन बसला.

दगड शुद्ध करायचं ठरलं. डेअरीवरून दुधाचे कॅन आले. पहिला तांब्या कुणी ओतायचा म्हणून सगळ्यांनी किसनकडं पाहिलं. तो थोडा वेळ उभा राहिला. आई ओट्यावरून बघत होती. मग त्यानं तांब्या घेतला, त्या ओळीवर दूध ओतलं आणि हातानं चोळून चोळून ती धुतली. सोनेरी अक्षरं पुन्हा चमकायला लागली.

औंढा

किसननंच मला बसथांब्यावर सोडलं.  बस दिसल्यावर तो म्हणाला, "साहेब, तुमचं खरं तुमच्यापाशी राहिलं असतं तर बरं झालं असतं."

"तुझ्या आईनं विचारलं, किसन."

"ती मला इतकी वरसं विचारून राहिली," तो म्हणाला. "मी सांगितलं का?"

तिला दुसऱ्या आयांचं ओझं वाटत होतं, हे त्याला माहीत होतं का, मी विचारणार होतो. विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांकडं बघून मला वाटलं, माहीत असावं.

घरच्यांना नागनाथाचा प्रसाद कबूल केला होता म्हणून औंढ्याला उतरलो. देऊळ सुंदर आहे, हे जाणाऱ्यानं जरूर बघावं. बाहेरच्या भिंतीवर दगडातली माणसं आहेत, नाचणारी, वाजवणारी, त्यांतल्या पुष्कळांची नाकं-डोकी फुटलेली. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावं लागतं, आणि आत इतकी कोंदट उष्णता की माझा श्वास अडकला. मी पिंडीला हात लावून लगेच वर आलो. काही मागितलं नाही.

प्रसादाच्या दुकानातल्या माणसानं माझी मिलिटरीची पिशवी पाहून विचारलं, "फौजी का? कुठून आले?" मी मिलच्या गावाचं नाव सांगितलं.

"हां, ते शहिदाचं गाव," तो पेढे बांधता बांधता म्हणाला. "त्यानं पंधरा मारले व्हते म्हणतात. अन पूल उडवला."

मी पेढे घेतले.

सातारा

परत येऊन महिना झाल्यावर किसनकडून एक फोटो आला. स्मारकाभोवती आता स्टीलचं कुंपण बसवलंय, फाटकाला कुलूप आहे, आणि किल्ली ग्रामपंचायतीत असते. पुन्हा काही विटंबना नको म्हणून. मी फोन केला. याडी कशी आहे विचारलं. तो म्हणाला, बरी आहे, शेळ्यांमागं जाते, मिलच्या चौकाकडून मात्र जात नाही, बाजाराला जायचं तरी शेतातून वळसा घालते. म्हाताऱ्या हमालाचं विचारलं, तर तो कोण, हे त्याला आधी आठवेना.

फोन ठेवल्यावर मी फोटो मोठा करून पाहिला. दगडाखाली एक नवीन, लहान पाटी बसवलेली होती. तिच्यावर लिहिलं होतं की या पराक्रमाचे प्रत्यक्ष साक्षीदार, सुभेदार अमुकअमुक, यांच्या उपस्थितीत सुशोभीकरणाचा सोहळा पार पडला. अमुकअमुक म्हणजे माझं नाव, वडिलांच्या नावासकट, आणि कंसात जिल्हा सातारा.

मी लगेच परत फोन लावला. "किसन, माझं नाव काढ तिथून."

"आता कसं निघंल, साहेब?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात खोटेपणा नव्हता. "कोरून घेतलंय. रंगवलेलं असतं तर पुसलं असतं."

फोटोत अक्षरं स्पष्ट दिसतात. कारागीर चांगला असावा. खोल कोरली आहेत, पावसापाण्यानं जायची नाहीत.